पिंजणघराची झाली कुटी

महागावातून नांदेड-नागपूर रस्त्याला लागले की आर्णी, यवतमाळ, कळंब, देवळी ही गावे मागे टाकत आपण वर्ध्याला पोहोचतो. सारा मुलूख कपाशीचा. दिवाळीनंतर या रस्त्याने निघालात तर कापसाने फुगलेल्या गाड्या दिसतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेले असतात. याच वाटेवरच्या गावांत आणखी एक गोष्ट दिसते. उंच भिंतींचे आवार, गंजलेले पत्रे, एखादे धुराडे आणि बंद फाटक. ही जुनी जिनिंग-प्रेसिंग. काहींच्या जागी आता प्लॉट पडले आहेत, काहींत मंगल कार्यालय झाले आहे, तर काही नुसतीच उभी आहेत.

गावात आत शिरलात तर याच गोष्टीची धाकटी रूपे भेटतात. तेल्याच्या घरातली घाण्याची खोली, लोहाराचा भाता होता ती पडवी, सुताराचे छप्पर, पिंजाऱ्याची ओसरी. धंदा बसला, माणसे वाढली आणि त्या जागा राहत्या घरात सामील झाल्या. घाणा उचलून बाहेर ठेवला, जमिनीवर फरशी घातली, भिंतीत कपाट काढले, पंखा लागला की झाली बैठकीची खोली. कामाच्या जागेचे घर करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मोठ्या शहरांत त्याला आता फॅशनचे रूप आले आहे. न्यूयॉर्कच्या सोहो भागातल्या रिकाम्या कारखान्यांत १९६० च्या दशकात चित्रकार राहायला गेले आणि पुढे त्याच जागा श्रीमंतांची घरे झाल्या. इंग्लंडात खेड्यातली जुनी धान्यकोठारे आणि पिठाच्या चक्क्या विकत घेऊन त्यांत राहण्याची हौस आहे. आपल्याकडे मात्र अशा बदलाला कोणी इतिहास म्हणत नाही. गरज म्हणून तो होतो आणि विसरला जातो.

पण असा एक बदल आपल्याच विदर्भात झाला आणि तो जगभर माहीत आहे. गंमत अशी की ती जागा पाहायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येते की आपण एक जुनी कार्यशाळा पाहतो आहोत. सेवाग्रामची बापूकुटी ही ती जागा.

ही कुटी गांधीजींसाठी बांधलेली नव्हती. ती मीराबहेनची. गावातल्या लोकांना कापूस पिंजायला आणि सूत कातायला शिकवण्याचे काम तिथे चाले. थोडक्यात, ते एक पिंजणघर होते आणि शिकवणारी बाई तिथेच राहत होती. गांधीजी तिथे राहायला आले ते नंतर.

हे कसे घडले ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि साऱ्यांचे डोळे आपल्या काळ्या जमिनीकडे वळले. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोहोचली. १९०३ च्या सुमारास मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी आली. आपण तिला प्रेमाने शकुंतला म्हणत आलो. ती मुळात कापूस वाहून नेण्यासाठीच टाकलेली. रुळांच्या कडेने जिन उभ्या राहिल्या. जिनमध्ये सरकी वेगळी होई, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जात आणि त्या मुंबईच्या बंदराकडे जात. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला हे खरे. पण याच काळात घरोघरचे चरखे माळ्यावर गेले. पिंजाऱ्याची धनुकली गादी-रजईपुरती उरली. ज्या गावात शेकडो मण कापूस पिके, त्या गावात अंगावरचे धोतर मात्र विकत आणावे लागे. गांधीजींचा सगळा खादीविचार या एका विसंगतीवर बोट ठेवणारा होता. ही विसंगती महागावच्या शेतकऱ्याला आजही समजावून सांगावी लागत नाही. आपण आजही कापूस विकतो आणि कापड विकत आणतो.

मार्च १९३० मध्ये साबरमतीहून दांडीला निघताना स्वराज्य मिळेपर्यंत या आश्रमात परतणार नाही, असे गांधीजी सांगून निघाले होते. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने ते वर्ध्याला आले. जमनालालजी स्वतः कापसाचे मोठे व्यापारी. जिन-प्रेसच्या धंद्यातला माणूस गांधीजींना चरख्यासाठी जागा देतो, यातली गंमत त्या काळच्या लोकांच्याही लक्षात आली असेलच. त्यांनी वर्ध्यातली आपली बाग आणि तिच्यातले घर देऊन टाकले. तेच मगनवाडी. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे ठाणे मगनवाडीत आले. जे. सी. कुमारप्पा तिथे कामाला लागले. तेलघाणी, हातकागद, मधमाशा, गूळ असे सगळे प्रयोग त्या बागेत सुरू झाले. म्हणजे इथे उलटा प्रकार घडला. श्रीमंताच्या राहत्या बागेची कार्यशाळा झाली. पुढे ३० डिसेंबर १९३८ रोजी तिथे मगन संग्रहालय उघडले, ते आजही आहे.

मीराबहेन म्हणजे मॅडेलिन स्लेड. इंग्रज आरमारातल्या एका बड्या अधिकाऱ्याची मुलगी, जन्म १८९२ चा. बीथोव्हेनच्या संगीताच्या वेडापायी ती रोमाँ रोलाँपर्यंत पोहोचली आणि रोलाँच्या बोलण्यातून तिला गांधीजी समजले. ७ नोव्हेंबर १९२५ रोजी ती साबरमतीला आली. येण्यापूर्वी वर्षभर मायदेशीच तिने सूत कातायला, जमिनीवर मांडी घालून बसायला आणि शाकाहाराने राहायला शिकून घेतले होते. वर्ध्याला आल्यावर आधी ती जवळच्या सिंदी गावात सफाईच्या कामाला लागली आणि मग वर्ध्यापासून पाचेक मैलांवरच्या शेगावात जाऊन राहिली. हे शेगाव म्हणजे गजानन महाराजांचे शेगाव नव्हे. या नावसाधर्म्यामुळे गांधीजींची पत्रे भलतीकडे जात, म्हणून १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले.

गाव साधे, तापाचे, चिखलाचे. वस्तीत तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचीच घरे जास्त. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून चालत तिथे आले. काही दिवस राहून ते दक्षिणेकडे गेले आणि जूनमध्ये भर पावसात भिजत परतले. तोवर एक घर उभे राहिले होते. आज त्याला आदिनिवास म्हणतात. खर्च कमीत कमी करायचा, सामान आसपासचे घ्यायचे आणि मजूरही गावचेच लावायचे, या त्यांच्या अटी होत्या. घर म्हणजे मुख्यतः एकच मोठी खोली. तिच्या एकेका कोपऱ्यात एकेकाचा संसार. एका बाजूला गांधीजी, एका बाजूला कस्तुरबा, कुठे प्यारेलाल, कुठे खान अब्दुल गफार खान. तुकडोजी महाराज १९३६ मध्ये महिनाभर आले, तेही इथेच. देशभरची माणसे येत, बैठका होत, रुग्ण असत, पत्रे लिहिली जात. आपल्या एकत्र कुटुंबातल्या लग्नघराची कल्पना करा आणि ते लग्न कधी संपतच नाही असे समजा.

गांधीजींची प्रकृती त्या सुमारास ठीक नव्हती. रक्तदाबाचा त्रास होता, हिवतापही होऊन गेला. शांततेची गरज होती. मीराबहेनची कुटी जवळच होती, लहान पण नीटस. १९३७ च्या सुमारास गांधीजी तिच्यात राहायला गेले आणि मीराबहेन दुसरीकडे गेली. मग कुटीला गरजेप्रमाणे बाजूने खोल्या जोडल्या गेल्या. आज आपण पाहतो ती वाढवलेली कुटी.

आता जरा थांबून पिंजणघर म्हणजे काय ते पाहू. नव्या पिढीने ते पाहिलेले नाही.

सरकी काढलेली रुई गुठळ्यांची असते. तिच्यात पानाचा चुरा, माती, अर्धवट सरकीचे तुकडे असतात. ती कातता येत नाही. आधी ती पिंजावी लागते. लाकडी धनुष्याला आतड्याची तात ताणून बसवलेली असते. तात रुईत धरायची आणि लाकडी मुठळ्याने तिला टणत्कार द्यायचा. तात थरथरते, रुई उडते, धागे मोकळे होतात, कचरा खाली पडतो. मोठी धनुकली इतकी जड की ती आढ्याला दोरीने टांगतात. मग त्या भुसभुशीत रुईचे काडीभोवती गुंडाळून पेळू करायचे आणि पेळूतून सूत काढायचे. ज्याने पिंजाऱ्याला काम करताना पाहिले आहे त्याला तो आवाज विसरता येत नाही आणि नाकातोंडात जाणारे तंतूही.

म्हणजे या कामाला जागा कशी हवी? टांगायला भक्कम आढे हवे. जमीन स्वच्छ आणि गुळगुळीत हवी, नाहीतर झाडलेला कचरा पुन्हा रुईत येतो. वारा हवा, पण थेट झोत नको, नाहीतर रुई घरभर होते. उजेड हवा, कारण पेळूतली गाठ डोळ्यांना दिसली पाहिजे. आणि चार-सहा माणसे जमिनीवर बसतील एवढी मोकळी जागा हवी, सामानाची अडगळ नको.

आता हीच यादी पुन्हा वाचा आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात माणसाला राहायला कसले घर हवे ते आठवा. उंच आढे, सारवलेली गार जमीन, आडून येणारा वारा, मवाळ उजेड, मोकळी मधली जागा. कामाची जागा आणि राहायची जागा यांच्या गरजा एकच निघाल्या. म्हणून हा बदल इतका सहज झाला, असे मला वाटते. जी जागा हाताने काम करणाऱ्या माणसाच्या अंगाच्या मापाने बांधलेली असते, तिचे घर करणे अवघड नसते. यंत्राच्या मापाने बांधलेल्या जागेचे घर करणे अवघड. त्याकडे मी पुढे येतोच.

कुटीचे बांधकाम आपल्या ओळखीचे आहे. लाकडी खांब, बांबू, मातीच्या भिंती, वर कवेलू. आपण गावाचे दोन भाग मानतो, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. हे शब्द उगाच पडलेले नाहीत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेले घर तडकते आणि तिची केलेली भिंतही तडकते. म्हणून भिंतीला पांढरीची माती, तीत भुसा किंवा गवताचे तुकडे कालवून, चांगली तुडवून, मुरवून घ्यायची. आमच्या भागात कपाशी निघाली की पऱ्हाट्या आणि तूर निघाली की तुराट्या ढिगाने असत. त्यांचा कूड करायचा आणि दोन्ही बाजूंनी लिंपायचा. जोते उंच घ्यायचे आणि पावळण्या लांब सोडायच्या. भिंतीला पावसाचा मार लागला नाही तर माती पिढ्यान् पिढ्या टिकते. हे ज्ञान महागावच्या कुठल्याही जुन्या माणसाकडे होते. सेवाग्रामला वेगळे काही केले नाही, तेच नीट केले.

नीट म्हणजे किती, ते भिंतींकडे पाहिले की कळते. मीराबहेनने आपल्या कुटीच्या भिंतीवर मातीत उठावाची चित्रे काढली. ताडाची झाडे, चरखा, ॐ. आपल्याकडच्या बायका सणाला भिंतीवर हात उमटवतात, पोतेरा देतात, त्याच जातीचे हे काम. चित्र वेगळे आणून टांगलेले नाही, भिंतीच्याच अंगातून ते वर आलेले आहे.

राहायला गेल्यावर काय वाढवले? माझ्या मते खरा अभ्यास करावा तो याचा. आजारी माणसासाठी वेगळी खोली झाली. पाहुण्यासाठी जागा झाली. ओसरी झाली. आणि एक ऐसपैस न्हाणी झाली, शौचासह, घराला लागून. हे शेवटचे त्या काळच्या खेड्यात क्रांतीच म्हणायचे. शौचाला घराबाहेर लांब जायचे आणि मैला दुसऱ्या जातीने उचलायचा, या रीतीवर गांधीजींचा जन्मभराचा राग. त्यांनी ही जागा घराच्या अंगाला आणली, ती लख्ख ठेवली, तिथे वाचायलाही काही ठेवले. आपण आज जुन्या घराचे नूतनीकरण म्हणतो तेव्हा पहिला खर्च कशावर होतो? संडास-बाथरूमवरच. तो खर्च योग्य आहे.

शेजारच्या भागात टेलिफोन आला. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून तो सरकारने बसवला. मातीच्या घरात दिल्लीची तार. साप धरून लांब सोडून देण्यासाठी लाकडी चिमटा आणि पिंजरा होता, तोही तिथे पाहायला मिळतो. एका हाताशी व्हाइसरॉय, दुसऱ्या हाताशी साप, अशी ती राहणी होती. जानेवारी १९३८ मध्ये लॉर्ड लोथियन इथे येऊन राहिले. जून १९४२ मध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर राहिला. त्या उन्हाने तो इतका हैराण झाला की पाण्याच्या टबात बसून, समोर खोक्यावर टाइपरायटर ठेवून त्याने टिपणे टाइप केली. तेव्हा कोणी असे समजू नये की मातीच्या घरात जूनचे ऊन लागतच नाही. लागते. पत्र्याच्या घरापेक्षा कमी लागते, एवढेच.

त्याच वर्षी जुलैच्या १४ तारखेला काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात जो ठराव केला, त्यातूनच पुढे ऑगस्टचे 'छोडो भारत' आंदोलन निघाले. त्या दिवसांतल्या कितीतरी चर्चा एकेकाळी पेळू वळायला बसत त्या जमिनीवर झाल्या.

आणि पिंजण-कताईचे काय झाले? ते थांबले नाही. गांधीजींचा चरखा रोज त्या खोलीत फिरत राहिला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम निघाली. सेवाग्रामात आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी ती चालवली. मुलांनी पिंजताना, कातताना, विणताना गणित आणि भूगोल शिकायचे, अशी ती कल्पना. म्हणजे पिंजणघराचे घर झाले, पण शाळेचे पिंजणघर झाले.

तरीही एक हिशेब मांडायला हवा. घर बदलते तेव्हा कोणीतरी आत येते आणि कोणीतरी बाहेर जाते. इथे मीराबहेन बाहेर गेली. ती आनंदाने गेली असेल, गुरूसाठी गेली. पण तिने मनासारखी बांधलेली कामाची जागा तिच्याकडे राहिली नाही आणि नावही राहिले नाही. तिच्या कुटीला आपण सारे बापूकुटी म्हणतो. मार्गदर्शक फलकावरच्या एका ओळीत तिचा उल्लेख येतो, पुढे गर्दी सरकते. इतिहास लिहिताना आपण राहणाऱ्याचे नाव लावतो, बांधणाऱ्याचे नाही. वाड्यांची नावे पाहा, किल्ल्यांची पाहा.

हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर मुंबईत मांडावा लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा काही हिस्सा मोकळ्या जागेला आणि काही कामगारांच्या घरांना देण्याची तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने ती पातळ केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. परळच्या धुराड्यांखाली उंच घरे उभी राहिली. त्या घरांत राहायला कोण आले आणि घरांसाठी सोडतीच्या चिठ्ठीची वाट पाहत कोण बसले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची, जमशेटजी टाटांची. ती गेली आणि तिच्या जागी एम्प्रेस नावाचा मॉल आला. नाव तेवढे वाचले.

आता आपल्या गावाकडच्या जिनकडे येऊ. जुन्या जिनची इमारत समजून घेतली तर तिचे काय करता येईल ते कळते. तिची लांबलचक शेड असते. अनेक ठिकाणी जिनची यंत्रे वरच्या मजल्यावर ओळीने बसवलेली आणि खालच्या अंगाला एकच लांब दांडा, त्यावरून पट्टे वर गेलेले. एका एंजिनावर सगळी रांग चाले. शेजारी प्रेसचे उंच घर, कारण दाबाचा खांब उंच. पलीकडे सरकीची कोठी, रुईचे गोदाम, काटा आणि आगीच्या भीतीने बांधलेले पाण्याचे टाके. लाकूड बहुधा आपल्याच जंगलातले सागवान, आज मागूनही मिळणार नाही अशा जाडीचे. विटा पक्क्या, जोडकाम चुन्याचे. हा साठा भंगाराच्या भावाने जातो याचे मला वाईट वाटते.

पण ही इमारत यंत्राच्या मापाची आहे. माणसाला तीत हरवल्यासारखे होते. पत्र्याखाली मे महिन्यात भट्टी पेटते. लाकडी तक्तपोशी वर्षानुवर्षांच्या तेलाने माखलेली असते आणि तिच्या फटींत रुईचे तंतू दडलेले असतात. एक ठिणगी पुरे. काही शेडवर सिमेंटचे जुने पन्हाळी पत्रे आहेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असते, ते फोडताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक. तेव्हा हौसेने जिनमध्ये राहायला जाणाऱ्याने आधी छप्पर, मग जमीन आणि मग विजेचे काम, या क्रमाने खर्च धरावा. पूर्ण शेड एकदम घराखाली घेऊ नये. उंच छपराखाली एका टोकाला, भिंतींपासून सुटी, माणसाच्या उंचीची खोली बांधावी. बाकीची शेड मग घराची ओसरी होते आणि तीच उन्हापासून राखते. पत्र्याखाली बांबूची चटई आणि गवताचा थर दिला तरी फरक पडतो. धाब्याच्या घरात राहिलेल्या माणसाला मातीच्या जाड थराची किंमत समजावी लागत नाही.

कवेलू करणारे कुंभार कमी झाले, ही अडचण खरी आहे. पण वर्ध्यातच देवेंद्रकुमारांच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने त्यावर एक तोड काढून दाखवली. कुंभाराने चाकावरच निमुळती नळीसारखी कवेलू करायची, ती एकात एक अडकवून कमान करायची आणि त्या कमानींचे छप्पर घालायचे. लाकूड जवळजवळ लागत नाही. कुंभाराला त्याचेच काम मिळते. लॉरी बेकर या इंग्रज वास्तुशिल्पीने केरळात जन्मभर स्वस्त आणि सुंदर घरे बांधली. तरुणपणी मुंबईत त्याची गांधीजींशी गाठ पडली होती. घराचे सगळे सामान पाच मैलांच्या आतले असावे, हे त्यांचे म्हणणे तो म्हातारपणापर्यंत सांगत असे. आधी ते त्यालाही अव्यवहारी वाटले होते.

जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच सेवाग्रामला आला. शाळा, दवाखाने आणि मोटारी यांच्या अतिरेकावर टीका करणारा हा विचारवंत एका परिषदेच्या उद्घाटनाला आला होता. तो कुटीत शांत बसून राहिला आणि त्यावरच बोलला. कुटीत त्याला सात प्रकारच्या जागा दिसल्या. चपला काढायची, मन तयार करायची जागा, मधली मोठी खोली, गांधीजींची खोली, पाहुण्याची, आजाऱ्याची, उघडी ओसरी आणि न्हाणी. यातली एकही जागा सामान ठेवण्यासाठी नव्हती, हे त्याच्या डोळ्यांत भरले. आपण आता घरे बांधतो ती सोफ्यासाठी, कपाटांसाठी, फ्रिजसाठी आणि उरलेल्या जागेत आपण राहतो, अशा अर्थाचे तो बोलला. त्याच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही. चुलीच्या धुरात डोळे घालवलेल्या बाईला गॅस नको म्हणणे सोपे आहे. पण सात जागांची ती यादी मात्र घर बांधणाऱ्या प्रत्येकाने एकदा आपल्या नकाशावर ठेवून पाहावी. आजाऱ्याची खोली किती नकाशांत असते?

गांधीजींनी पुढे या कुटीतूनही मुक्काम हलवला. जमनालालजींनी स्वतःसाठी बांधलेले एक घर जवळच होते. जमनालालजी १९४२ मध्ये गेले. १९४६ मध्ये गांधीजी त्या घरात राहिले, म्हणून त्याला आखरी निवास म्हणतात. २५ ऑगस्ट १९४६ रोजी ते दिल्लीला निघाले, तिथून नोआखालीला गेले आणि सेवाग्रामला परतले नाहीत.

मीराबहेन १९५९ मध्ये भारत सोडून गेली. शेवटची वर्षे ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळ राहिली. १९८२ मध्ये तिथेच वारली. तिच्या कुटीच्या भिंती मातीच्या असल्याने पावसाळा झाला की त्यांना पुन्हा हात लावावा लागतो. कवेलू फेरायची, पोपडे धरलेले लिंपण काढायचे, नवी माती मळायची, सारवायचे. लिंपणारे हात ताडाच्या झाडांपाशी आले की मंदावतात. झाडांच्या कडेकडेने बोटाने माती बसवावी लागते.